सेवेचा सन्मान आणि राष्ट्राचे ऋण

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावर वसलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर समाजाची ती छोटीशी वाडी दिवसभर राबून झोपी गेलेली होती. पायथ्यापासून वाडीपर्यंत वाहन जाईल असा रस्ता नव्हता. निसरड्या पायवाटेची लांबलचक चढण, मुसळधार पाऊस आणि सर्वत्र मिट्ट काळोख. मोठी यंत्रे वर नेणे अशक्य होते आणि खराब हवामानामुळे हेलिकॉप्टरचाही उपयोग होईना. जे काही करावयाचे ते माणसाच्या दोन हातांनी, फावड्या-कुदळींनीच करावे लागणार होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान, पोलीस आणि अग्निशमन दलाचे कर्मचारी यांच्याबरोबर त्या चढणीवर आणखी एक वर्ग होता. तो आसपासच्या गावांतील तरुणांचा आणि गिर्यारोहण संस्थांच्या कार्यकर्त्यांचा. त्यांना कोणी आज्ञा दिली नव्हती, त्यांना वेतन मिळणार नव्हते आणि वर काय पाहावे लागेल याची त्यांना पुरेपूर कल्पना होती. चार दिवसांनी शोधकार्य थांबले, तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ जण बेपत्ता होते.

त्या रात्री वर चढून गेलेल्या तरुणांपैकी कितींची नावे महाराष्ट्राला ठाऊक आहेत? त्यांच्यातील जो नोकरदार असेल त्याची रजा खर्ची पडली, जो रोजंदारीवर असेल त्याचा रोज बुडाला, आणि ज्याचा पाय घसरून मोडला असेल त्याने प्लास्टरचा खर्च स्वतःच्या खिशातून केला. दोरखंड, शिरस्त्राणे, विजेऱ्या ही सामग्रीसुद्धा या मंडळींनी बहुधा वर्गणी काढून घेतलेली असते. आंबेनळी घाटात २८ जुलै २०१८ रोजी बस दरीत कोसळून ३० जणांचा मृत्यू झाला, तेव्हाही शेकडो फूट खोल दरीत दोरावरून उतरून मृतदेह वर आणणाऱ्यांत असेच गिर्यारोहक होते. वृत्तपत्रांत दोन दिवस छायाचित्रे येतात, एखाद्या सभागृहात शाल-श्रीफळ होते आणि पुढच्या दुर्घटनेपर्यंत समाज त्यांना विसरून जातो. आजचा विषय या विस्मरणाचा आहे. समाजासाठी विनामोबदला राबणाऱ्या माणसाची राष्ट्राने दखल घ्यावी काय, घ्यावी तर कोणत्या रीतीने, आणि अशी दखल घेताना सेवेचे मूळचे तेज कमी होणार नाही याची काळजी कशी वाहावी, हे प्रश्न वाटतात तितके सोपे नाहीत.

निष्काम सेवेला पुरस्कार कशाला?

हा प्रश्न सेवाकार्यात आयुष्य घालविलेल्या माणसांकडूनच प्रथम विचारला जातो, म्हणून त्याचा विचार आधी झाला पाहिजे. प्रसिद्धिपराङ्मुखता हा आपल्याकडे कार्यकर्त्याचा पहिला गुण मानला गेला आहे. बैठकीत मागच्या रांगेत बसणारा, सतरंज्या घालणारा आणि कार्यक्रम संपल्यावर त्या उचलणारा, छायाचित्र काढण्याची वेळ आली की भांडाराकडे निघून जाणारा कार्यकर्ता येथे बसलेल्यांपैकी प्रत्येकाने पाहिला आहे. अशा माणसाला पुरस्कार देणे म्हणजे त्याच्या व्रताचा भंग करणे, असे अनेकांना मनापासून वाटते.

परंतु या युक्तिवादात एक गफलत आहे. फळाची अपेक्षा न धरणे हे सेवकाचे व्रत आहे, समाजाचे नव्हे. देणाऱ्याने दिलेले विसरावे, ही शिकवण देणाऱ्यासाठी असते. घेणाऱ्यानेही ते विसरून जावे असा तिचा अर्थ कोणत्याही शास्त्राने केलेला नाही. उलट आपल्या परंपरेने मनुष्य जन्मतःच ऋणांसह येतो असे मानले आणि ते ऋण मान्य करणे हे संस्काराचे लक्षण ठरविले. सेवकाच्या निःस्पृहतेचा आधार घेऊन समाज कृतघ्न होऊ लागला, तर ती निःस्पृहतेची प्रशंसा नसते, तो केवळ सोयीस्करपणा असतो. (निष्काम कर्मावर सर्वांत रसाळ प्रवचने करणारे पुष्कळदा स्वतः कोणतेच कर्म करीत नसतात, हाही अनुभव नवा नाही.)

संत गाडगेबाबांचे उदाहरण येथे घेण्याजोगे आहे. बाबा गावात येत, हातात खराटा घेऊन दिवसभर गाव झाडीत आणि रात्री त्याच गावाला कीर्तनातून चार गोष्टी सुनावीत. सत्कार, हारतुरे, पाया पडणे यांचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर सुमारे चव्वेचाळीस वर्षांनी, २०००-०१ मध्ये, महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. तत्कालीन ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकारातून आलेल्या त्या योजनेचे वैशिष्ट्य असे की, तीत बक्षीस व्यक्तीला नव्हते, संपूर्ण गावाला होते. एका कार्यकर्त्याच्या गळ्यात हार घालण्याऐवजी गावातील प्रत्येक उंबरठ्याला तो सन्मान वाटून देण्याची ही कल्पना होती. गावोगाव लोक श्रमदानाला बाहेर पडले, गटारे बांधली गेली, उकिरडे हलले. स्पर्धेच्या निमित्ताने शेजारच्या गावाशी चाललेली जुनी ईर्ष्या प्रथमच काही उपयोगी पडली. अर्थात तपासणी समितीची गाडी वेशीबाहेर पडताच खराटे पुन्हा अडगळीत गेले, अशीही गावे होती. बक्षीस हे आरंभाला चांगले वाहन असते. शेवटपर्यंत पोहोचण्यास मात्र गावात तळमळीची चार माणसे असावी लागतात. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे ती होती, म्हणून तेथील पाण्याचा ताळेबंद आजही ग्रामसभेत मांडला जातो. त्या गावाचे पोपटराव पवार यांना २०२० चा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा कामाला तीन दशके होऊन गेली होती.

चिंतामणरावांची समिती

स्वतंत्र भारताच्या शासनाने स्वयंसेवेला उत्तेजन देण्याचा विचार फार लवकर केला होता, ही गोष्ट आज विस्मृतीत गेली आहे. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने विद्यार्थ्यांच्या राष्ट्रसेवेचा पुरस्कार केला होता, परंतु ती ऐच्छिक असावी असे म्हटले होते. पुढे ऑगस्ट १९५९ मध्ये याच विषयासाठी एक समिती नेमण्यात आली. तिचे अध्यक्षपद होते महाराष्ट्राचे थोर सुपुत्र चिंतामणराव देशमुख यांच्याकडे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, केंद्रीय अर्थमंत्री आणि संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडणारे बाणेदार गृहस्थ म्हणून त्यांना सारे ओळखतात. राष्ट्रीय सेवेच्या इतिहासातील त्यांचे स्थान मात्र फारसे कोणी सांगत नाही.

या समितीची शिफारस धाडसी होती. शालेय शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने नऊ महिने ते एक वर्ष सक्तीने राष्ट्रसेवा करावी, असे तिने सुचविले. शासनाला तो खर्च झेपण्यासारखा वाटला नाही, अंमलबजावणीच्या अडचणीही पुढे आल्या आणि शिफारस मागे पडली. १९६० मध्ये के. जी. सैयदैन यांनी निरनिराळ्या देशांतील युवकसेवेचा अभ्यास केला आणि ही सेवा ऐच्छिकच असावी असा अभिप्राय दिला. चर्चेची दहा वर्षे अशी गेल्यावर, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी तत्कालीन शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी राष्ट्रीय सेवा योजनेचा शुभारंभ केला. त्या वेळी ३७ विद्यापीठे आणि ४० हजार विद्यार्थी तीत होते. आज ही संख्या सुमारे ४० लाखांच्या घरात आहे. कोणार्कच्या रथचक्रावरून घेतलेले बोधचिन्ह आणि ‘माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी’ हे बोधवाक्य छातीवर लावून चार पिढ्यांतील तरुण खेड्यांत गेले. त्यांनी बंधारे घातले, रक्तदान शिबिरे भरविली, साक्षरतेचे वर्ग चालविले. १९९३-९४ मध्ये योजनेला पंचवीस वर्षे होत असताना विद्यार्थी, कार्यक्रम अधिकारी आणि संस्था यांच्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही सुरू झाले.

सक्ती की स्वेच्छा, या वादात राष्ट्राने स्वेच्छेचा कौल दिला तो योग्यच होता. सक्तीने रस्ता होतो, परंतु स्वयंसेवक होत नाही. मात्र चिंतामणरावांच्या समितीला एक मर्म नेमके उमगले होते. सेवेला वेळ लागतो, आणि तरुणाच्या आयुष्यात असा वेळ राखून ठेवण्याची व्यवस्था राष्ट्राला करावी लागते. रविवारचे दोन तास देऊन खेडे समजत नाही.

मोजलेले तास

राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याने वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास द्यावेत आणि सात दिवसांच्या विशेष शिबिरात राहावे, अशी अपेक्षा असते. तासांचा हिशेब ठेवावाच लागतो, त्याशिवाय शासकीय योजना चालत नाही. अडचण पुढे सुरू होते. अनेक विद्यापीठांत या सेवेसाठी सवलतीचे गुण मिळू लागले आणि नव्या शैक्षणिक धोरणानंतर तिला श्रेयांकांचीही जोड मिळाली. त्याबरोबर प्रमाणपत्रासाठी येणारा विद्यार्थीही वाढला. शिबिराच्या पहिल्या दिवशी उद्‌घाटन, दुसऱ्या दिवशी प्रभातफेरी, मध्ये दोन-तीन व्याख्याने, एक वृक्षारोपण, ज्यातील रोपे पुढचा उन्हाळा पाहत नाहीत, आणि शेवटच्या दिवशी समारोपाचे छायाचित्र, असे शिबिरही पाहावयास मिळते. तो दोष विद्यार्थ्याच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. ज्या गोष्टीची नोंद होते, तीच गोष्ट माणूस करतो. झाडे लावल्याची नोंद होते. झाडे जगविल्याची होत नाही.

आणि तरीही त्या गर्दीतून दरवर्षी काही मुले अशी निघतात की, शिबिर संपल्यावर त्यांचे त्या गावाशी नाते जडते. गुणांसाठी आलेला मुलगा रात्री गावातील म्हाताऱ्याशी गप्पा मारीत बसतो आणि सातव्या दिवशी निघताना त्याचा पाय निघत नाही. एवढ्यासाठीसुद्धा ही योजना चालली पाहिजे.

अमेरिकेत तासांच्या मोजमापाची कल्पना तर्काच्या शेवटापर्यंत नेण्यात आली. तेथे स्वयंसेवक सप्ताहाची प्रथा १९७४ पासून आहे. २००३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या नावाने स्वयंसेवा पुरस्कार सुरू झाला. प्रौढ व्यक्तीने वर्षात १०० तास सेवा केली तर कांस्य, २५० तासांना रौप्य, ५०० तासांना सुवर्ण, आणि आयुष्यभरात ४ हजार तास भरले तर आजीवन सन्मान, असा तो हिशेब होता. यात एक मोठी गोष्ट होती, ती मान्य केली पाहिजे. पुरस्कारासाठी कोणाची ओळख लागत नव्हती, निवड समितीची मर्जी लागत नव्हती. वाचनालयात पुस्तके लावणारी आजी आणि रुग्णालयात रुग्णांना वाचून दाखविणारा निवृत्त टपाल कर्मचारी यांनाही राष्ट्राध्यक्षांच्या स्वाक्षरीचे पत्र मिळू शकत होते. परंतु मरणासन्न माणसाचा हात धरून बसलेला एक तास आणि कागद चिकटविण्याचा एक तास यांचे वजन काट्यावर सारखेच भरत होते. शिवाय जो सन्मान शासनाच्या इच्छेवर चालतो, तो शासनाच्या इच्छेने थांबतोही. २०२५ मध्ये ही योजना स्थगित करण्यात आली.

आपल्याकडील पद्म पुरस्कारांची वाट याच्या अगदी उलटी आहे. येथे तास मोजले जात नाहीत, आयुष्य मोजले जाते. १९५४ पासून हे सन्मान दिले जात आहेत, परंतु दीर्घकाळ सामान्य माणसाच्या मनात त्यांची प्रतिमा दिल्लीच्या वर्तुळातील, ओळखीपाळखीच्या माणसांचा गौरव अशीच होती. गेल्या दशकात शिफारशीची प्रक्रिया सर्व नागरिकांना खुली झाली आणि यादीत अशी नावे दिसू लागली की, ज्यांची चौकशी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांनाही करावी लागली. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणांची बँक उभी केली. शाळेची पायरी न चढलेल्या या माउलीला २०२० चा पद्मश्री जाहीर झाला. त्याच यादीत मंगळुरूचे हरेकळ हाजब्बा होते. संत्री विकून पोट भरणाऱ्या या गृहस्थांनी आपल्या गावातील मुलांसाठी शाळा उभी केली. एका परदेशी पाहुण्याने संत्र्याचा भाव इंग्रजीत विचारला आणि आपल्याला उत्तर देता आले नाही, ही खंत त्या शाळेच्या मुळाशी होती.

या वाटेवरचे एक नाव येथे विशेष आदराने घेतले पाहिजे. अमरावती जिल्ह्यातील पथ्रोट गावचे दामोदर गणेश बापट. वनवासी कल्याण आश्रमाच्या कामासाठी ते जशपूरला गेले आणि तेथून छत्तीसगडमधील चांपा येथे भारतीय कुष्ठ निवारक संघात पोहोचले. ही संस्था १९६२ मध्ये सदाशिव गोविंद कात्रे यांनी सुरू केली होती, आणि कात्रे स्वतः कुष्ठरुग्ण होते. रेल्वेतील नोकरी, घर, समाजातील स्थान असे सारे रोगाने हिरावून घेतल्यावर या माणसाने इतर रुग्णांसाठी आश्रम काढला. कात्रे गुरुजींच्या पश्चात बापटांनी ते काम पुढे नेले. ज्यांच्या हातचे पाणी कोणी पीत नव्हते, त्या रुग्णांच्या पंक्तीला बसून ते जेवत. शेती, गोशाळा, रुग्णांच्या मुलांसाठी वसतिगृह व शाळा असा विस्तार होत गेला. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाला, तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. पुढच्याच वर्षी, १७ ऑगस्ट २०१९ रोजी, त्यांचे निधन झाले आणि इच्छेनुसार त्यांचा देह वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला.

बापटांना पदकाची आवश्यकता होती काय? मुळीच नव्हती. परंतु कात्रे गुरुजींचे नाव ज्या हजारो घरांत त्या निमित्ताने प्रथम पोहोचले, त्या घरांना ती आवश्यकता होती. राष्ट्रीय सन्मानाचा खरा लाभार्थी अशा वेळी पुरस्कार स्वीकारणारा नसतोच.

येथे एक विसंगती नोंदवून ठेवण्यासारखी आहे. पद्म पुरस्कारासाठी कोणीही नागरिक कोणाचीही, इतकेच नव्हे तर स्वतःचीही, शिफारस करू शकतो. स्वतःचे नाव स्वतः पाठविणे बापटांसारख्या माणसाच्या स्वप्नातही येणार नाही. तेव्हा अशा माणसांची नावे पाठविण्याचे काम इतर कोणी तरी अंगावर घेतले पाहिजे. आपल्या तालुक्यात वीस वर्षे मूकपणे काम करणाऱ्याची नीट माहिती गोळा करून, दोन पानांची टिपणी लिहून ती वेळेत धाडणे हे कंटाळवाणे काम आहे. ते न केल्यास यादीत कोणाची नावे येतात, हे सर्वांना माहीत आहे.

आधी भय दूर करा

पदके हा सन्मानाचा शेवटचा भाग. सेवा करू इच्छिणाऱ्याच्या मार्गातील काटे काढणे हा पहिला. हे तत्त्व आपल्याच देशातील एका उदाहरणाने स्पष्ट होते. रस्त्यावर अपघात होतो, माणूस रक्ताच्या थारोळ्यात पडलेला असतो, भोवती पन्नास माणसे उभी असतात आणि कोणी हात लावीत नाही. यावरून समाज निष्ठुर झाला असा निष्कर्ष काढला जाई. वस्तुतः लोकांना भीती वाटत होती ती पोलीस चौकशीची, न्यायालयातील तारखांची, रुग्णालयात मागितल्या जाणाऱ्या अनामत रकमेची. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मदतकर्त्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे मान्य करून ती बंधनकारक केली. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात त्यासाठी स्वतंत्र कलम आले. त्यानंतर, २०२१ मध्ये, गंभीर जखमीला वेळेत रुग्णालयात पोहोचविणाऱ्यास ५ हजार रुपयांचे पारितोषिक ठरले आणि २०२५ मध्ये ‘राहवीर’ या नावाने ती रक्कम २५ हजार रुपये झाली. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. प्रथम भय गेले, मग बक्षीस आले. क्रम उलटा असता तर पंचवीस हजारांसाठीही कोणी ठाण्याची पायरी चढला नसता. कायद्याने दिलेले हे अभय अजून प्रत्येक चौकीपर्यंत आणि प्रत्येक रुग्णालयाच्या खिडकीपर्यंत पोहोचलेले नाही, हे मात्र खरे.

आपत्तीच्या प्रसंगी तर केवळ सद्भावनेवर विसंबणे घातक ठरते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि त्या गावावर आकाश कोसळले. बोट गावचीच होती, बाहेर काढणारे हात गावचेच होते, तळमळीत कोठेही उणेपणा नव्हता. परंतु तिच्यात क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसली होती आणि जीवरक्षक जाकिटे नव्हती. अशा ठिकाणी स्वयंसेवकाला प्रशस्तिपत्रक देण्यापूर्वी जाकीट दिले पाहिजे, बोट कशी भरावयाची आणि केव्हा ‘नाही’ म्हणावयाचे, हे शिकविले पाहिजे. केंद्र शासनाची ‘आपदा मित्र’ योजना या दिशेने टाकलेले पाऊल आहे. २०१६ मध्ये ३० पूरप्रवण जिल्ह्यांतील ६ हजार स्वयंसेवकांपासून ती सुरू झाली. २०२१ पासून तिचा विस्तार ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांपर्यंत करण्याचे ठरले. प्रशिक्षण, आपत्कालीन साहित्याची पेटी आणि विमा असे तिचे स्वरूप आहे. प्रश्न उरतो तो प्रशिक्षणानंतरचा. शिकविलेला तरुण तीन वर्षांनी नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेला, तर ती पेटी कोणाकडे असते, आणि गावातील दुसऱ्या कोणाला ती उघडता येते काय?

जपानने हा धडा फार मोठी किंमत देऊन गिरविला. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे कोबे शहराला भूकंपाने जमीनदोस्त केले. मृतांची संख्या ६ हजार ४०० हून अधिक होती. शासकीय यंत्रणा सावरेपर्यंत देशाच्या कानाकोपऱ्यांतून सामान्य नागरिक तेथे पोहोचू लागले, आणि पुढील वर्षभरात दहा लाखांहून अधिक लोकांनी तेथे सेवा केली. शिस्त आणि वरिष्ठांची आज्ञा यांसाठी ख्यात असलेल्या त्या समाजालाही हे दृश्य नवे होते. जपानमध्ये १९९५ हे ‘स्वयंसेवेचे पहिले वर्ष’ म्हणून आजही ओळखले जाते. राष्ट्राने त्याची दखल कशी घेतली? त्याच वर्षीच्या डिसेंबरात १७ जानेवारी हा आपत्तिनिवारण व स्वयंसेवा दिन म्हणून मुक्रर झाला. १९९८ मध्ये लहान सेवासंस्थांना सुलभतेने नोंदणी करता येईल असा कायदा झाला. आणि अगदी अल्प वार्षिक हप्त्यात स्वयंसेवकाला अपघाती विम्याचे संरक्षण मिळण्याची सोय तेथे सर्वत्र रुळली आहे. आपत्तीच्या ठिकाणी आलेल्याने प्रथम स्वयंसेवक केंद्रात नाव नोंदवावयाचे, विमा आहे की नाही ते सांगावयाचे, आणि मग दिलेले काम करावयाचे. घरातील चिखल काढणे हे ते काम असू शकते. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

जर्मनीत आपत्तिनिवारणासाठी १९५० मध्ये स्थापन झालेले एक संघीय दल जवळजवळ संपूर्णपणे स्वयंसेवकांवर चालते. सुतार, अभियंते, वाहनचालक, दुकानदार असे लोक त्यात असतात. बोलावणे आले की मालकाने त्यांना सोडलेच पाहिजे, असा कायदा आहे, आणि त्या दिवसांचे वेतन मालकाने दिल्यास शासन त्याची भरपाई करते. म्हणजे सेवेचा मोबदला कोणी देत नाही, परंतु सेवेमुळे घरातील चूल विझणार नाही एवढी दक्षता राष्ट्र घेते. इर्शाळवाडीवर चढून गेलेल्या रोजंदार तरुणाच्या बुडालेल्या रोजाचे उत्तर या छोट्याशा तरतुदीत आहे. महाराष्ट्रातील मोठे कारखाने, बँका, सहकारी संस्था यांनी मनावर घेतले, तर कायद्याची वाटही पाहावी लागणार नाही. वर्षाला पाच दिवसांची सेवारजा आणि गिर्यारोहक, रक्तदाते, सर्पमित्र, पोहणारे यांची तालुकावार अद्ययावत यादी, एवढ्याने आरंभ होऊ शकतो.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १९८५ मध्ये ५ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन ठरविला, २००१ हे स्वयंसेवकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले आणि २०२६ हे वर्षही शाश्वत विकासासाठी स्वयंसेवकांचे वर्ष म्हणून जाहीर झाले. दिन आणि वर्षे येतात, फलक लागतात. त्या निमित्ताने एखाद्या जिल्ह्यात जरी स्वयंसेवकांच्या विम्याचा निर्णय झाला, तरी फलकांचा खर्च वसूल झाला म्हणावयाचा.

घरातील दुसरे माणूस

राष्ट्रीय सन्मानाची चर्चा नेहमी एका माणसाभोवती फिरते. कार्यकर्ता रात्री दोन वाजता आपत्तीच्या ठिकाणी निघतो, तेव्हा त्याच्यामागे दार लावून घेणारी व्यक्ती कोणत्याही नोंदवहीत नसते. चार दिवस त्याचा दूरध्वनी लागत नाही, मुलाची परीक्षा असते, सासऱ्यांचे औषध संपलेले असते. प्रवासी कार्यकर्ते अकस्मात जेवायला आले की पिठाच्या डब्यात हात घालणाऱ्या आयांनी आणि वहिनींनी महाराष्ट्रातील किती सेवाकार्ये उभी केली, याचे मोजमाप तासांतही होणार नाही. मध्यमवर्गीय घरात कार्यकर्त्याच्या त्यागाची चर्चा होते तेव्हा त्या घरातील स्त्रीने केलेला त्याग गृहीत धरलेला असतो. तिला कोणी विचारलेले नसते, हे अधिक खरे.

म्हणून मेळघाटातील बैरागडची गोष्ट वेगळी वाटते. डॉ. रवींद्र कोल्हे यांनी त्या दुर्गम भागात काम करावयाचे ठरविले, तेव्हा विवाहासाठी त्यांच्या अटी होत्या. पत्नीची चाळीस किलोमीटर चालण्याची तयारी हवी, विवाह पाच रुपयांत व्हावा, संसार महिना चारशे रुपयांत चालवावा. नागपुरात स्वतःचा व्यवसाय चांगला चाललेल्या डॉ. स्मिता यांनी या अटी ऐकून, समजून, मान्य केल्या आणि त्या बैरागडला गेल्या. एक-दोन रुपयांत रुग्ण तपासता तपासता या दांपत्याने कुपोषण, शेती, रेशन, रस्ता असे सारे प्रश्न अंगावर घेतले. २०१९ मध्ये पद्मश्रीच्या यादीत त्यांचे नाव आले, ते एकट्या डॉ. रवींद्र यांचे नव्हते. दोघांची नावे एकत्र होती. अशा वेळी शासन दोन व्यक्तींचा मिळून एकच पुरस्कार मोजते. त्याच्या आदल्या वर्षी गडचिरोलीचे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचीही नोंद तशीच झाली होती. तालुक्याच्या सत्कार समारंभात व्यासपीठावर एकच खुर्ची मांडण्याची प्रथा मात्र अजून बदललेली नाही.